उतरण, कप्पी आणि चाकाची खुर्ची

साध्या यंत्रांचा पाठ शिकवताना आपण उतरणीसाठी मालमोटारीत पिंप चढवणाऱ्या हमालाचे, तरफेसाठी अडकित्त्याचे आणि कप्पीसाठी विहिरीचे उदाहरण देतो. उदाहरणे चांगली आहेत, पण वर्गातील कितीतरी मुलांनी विहिरीवरची कप्पी आता पाहिलेलीही नसते. जिम मात्र पाहिलेली असते. तालुक्याच्या गावीही आज एखादी जिम असतेच, आणि तिथली बहुतेक उपकरणे म्हणजे तरफ, कप्पी आणि चाक-आस यांचीच रूपे. तेव्हा हा पाठ जिमपासून सुरू करायला हरकत नाही. मात्र पाठ सुरू करण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न विचारावा : चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस या यंत्रांपर्यंत पोहोचेल का? आणि पोहोचला, तर त्याला ती चालवता येतील का?

उत्तर शोधताना भौतिकशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र ही दोन्ही लागतात. अशा व्यक्तींची संख्याही थोडी नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. (सरकारी कागदांवर पुढे ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द आला. इमारतींच्या पायऱ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.)

अपंग माणसाला जिम कशाला हवी, असे पुष्कळांना वाटते. कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या व्यक्तीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून शौचालयाच्या आसनावर, तेथून परत खुर्चीत असे दिवसातून अनेकदा शरीर उचलावे लागते. पाय जमिनीला टेकलेले असले तरी ते भार घेत नाहीत. सगळे काम खांदे, दंड आणि पाठ यांनाच करावे लागते. शिवाय कमरेखाली संवेदना नसल्यामुळे बसून बसून कातडीवर दाब पडतो आहे हे कळत नाही आणि तेथे जखमा होतात. त्या टाळायच्या तर थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलावे लागते किंवा कलते व्हावे लागते.

धडधाकट माणूस खुर्चीतून उठताना आपल्या ताकदीचा लहानसा भाग वापरतो. वर्षभरात त्याची ताकद एक दशांशाने घटली तरी त्याला पत्ता लागत नाही. चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीच्या बाबतीत असलेली ताकद आणि रोज लागणारी ताकद यांत अंतर फार थोडे असते. आजारपणाने चार आठवडे अंथरुणात गेले, ताकद त्या रेषेखाली उतरली, की काल स्वतः शौचालयात जाणाऱ्या माणसाला आज दुसऱ्याची वाट पाहावी लागते. म्हणजे व्यायामाची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याच वाटेत व्यायामशाळेची पायरी उभी असते.

ही गोष्ट वैद्यकाला फार उशिरा उमजली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण बहुधा शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी दगावत. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४पासून इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात अशा सैनिकांना उठवून कामाला आणि खेळाला लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्‌घाटन झाले. त्याच दिवशी या रुग्णालयाच्या आवारात १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पुढच्या पॅरालिंपिकचे बीज ते हेच.

त्या परंपरेतले आपले नाव म्हणजे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर. ते सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक स्पर्धेतील भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. दोन तारखांमधल्या अंतराचे गणित विद्यार्थ्यांनीच करावे. पाण्याची निवड शास्त्रशुद्धच होती. आर्किमिडीजच्या नियमानुसार पाणी शरीराचे जवळजवळ सगळे वजन पेलते, त्यामुळे जमिनीवर ओझे वाटणारे पाय तेथे नुसते मागे तरंगतात आणि हातांची सगळी ताकद पुढे जाण्यासाठी उरते. पुण्याजवळ खडकी येथे १९७४पासून चालणाऱ्या अर्धांगवायूग्रस्त सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रातही खेळ हा दिनक्रमाचा भाग आहे. पण सैनिकाला जे मिळते, ते नारळाच्या झाडावरून पडून पाठीचा मणका मोडलेल्या रत्नागिरीतील पाडेल्याला कोठे मिळणार? त्याला गावातल्याच जिममध्ये जावे लागेल.

जोत्याची उंची

कोकणातील घर उंच जोत्यावर असते. पाऊसच तसा आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा जांभ्या चिऱ्यांचे जोते हात-दीड हात उंच हवेच. त्यात गाव चढउताराचे. घरांकडे जाणाऱ्या पाखाड्याही पायऱ्यांच्याच. दुकान, शाळा, व्यायामशाळा सगळे याच रीतीने बांधले गेले. पावसापासून वाचवणारी ही सोय चाकाच्या खुर्चीला मात्र भिंतीसारखी आडवी येते.

उपाय उतरणीचा. पण उतरण किती लांब, हे ठरवताना बहुतेक गवंडी आणि मालक चुकतात. तीन पायऱ्यांचे, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीचे जोते असेल तर पायऱ्यांवरच दीड-दोन मीटरचा उतार ओतून मोकळे होतात. मोटारसायकल चढते, म्हणून ती उतरण चांगली ठरते. हिशेब करून पाहू. माणूस ६५ किलोग्रॅम आणि खुर्ची १५, मिळून ८० किलोग्रॅम. चढ १:४ असेल तर घर्षण सोडूनही ८० ÷ ४ = २० किलोग्रॅम वजनाएवढे बल हातांनी लावत राहावे लागेल. १:८ चढावर ते १० होते. १:१२ चढावर साधारण ६.७. हातांना सोसेल असे बल येथपासून सुरू होते, आणि सुगम इमारतींच्या मानकांत हाच १:१२ चढ कमाल मर्यादा म्हणून दिलेला असतो. म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीची उतरण हवी. अंगण तेवढे नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन ती वळवता येते. खड्या उतरणीचा आणखी एक धोका असतो. खुर्ची मागे कलते, आणि गुरुत्वमध्यातून खाली काढलेली लंबरेषा मागच्या चाकाच्या टेकूपलीकडे गेली की ती उलटते.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. १२० सेंटिमीटर लांबीची गुळगुळीत फळी, चांगल्या चाकांची खेळण्यातली गाडी, तिच्यात वाळूची पिशवी आणि स्प्रिंगचा ताणकाटा एवढे साहित्य पुरते. गाडी आणि वाळू मिळून २४०० ग्रॅम करावी. फळीचे एक टोक १० सेंटिमीटर उचलले की काटा २०० ग्रॅमच्या आसपास स्थिरावेल. १५ सेंटिमीटरवर ३००, आणि ३० सेंटिमीटरवर ६००. घर्षणामुळे प्रत्यक्ष वाचने थोडी जास्त येतील. किती जास्त, ते मोजणे हा दुसरा प्रयोग. मग फळीवर ओले पोतेरे अंथरून पुन्हा ओढायला सांगावे. मऊ पृष्ठभागावर चाक रुतते आणि बल वाढते. जिममध्ये अंथरलेल्या जाड रबरी चटयांवर खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांचे हेच होते.

कोकणात उतरणीचे गणित एवढ्यावर संपत नाही. जूनपासून तिच्यावर शेवाळ धरते. गुळगुळीत फरशीची उतरण तर घसरगुंडीच. पृष्ठभाग खरखरीत कोब्याचा आणि आडव्या खाचांचा असावा, वर पत्रा असावा, आणि आपण घरच्या पायऱ्यांवर टाकतो तशी ब्लीचिंग पावडर तिच्यावरही पडत राहावी. आणखी एक बारकावा : चाक फिरवण्यासाठी त्याच्या बाहेरच्या बाजूला धातूची कडी असते. ती ओली झाली की हात सरकतो, चाक फिरत नाही. म्हणून पत्र्याचे छप्पर ही येथे चैन नव्हे.

दाराच्या आत

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. (जुन्या तालमींची दारे मुद्दाम ठेंगणी असत, आत जाणाऱ्याने मान लववावी म्हणून. चाकाच्या खुर्चीला अडवते ती दाराची अरुंदी आणि उंबरा.) आत खुर्ची जागच्या जागी वळवायला १५० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ लागते. ७५ सेंटिमीटर दोरी आणि खडू घेऊन मुलांनी वर्गात ते काढावे. बाकांच्या दोन ओळींमध्ये ते मावत नाही, हे लगेच दिसेल. जिममध्ये यंत्रे दाटीने मांडलेली असतात, तेथेही मावत नाही. शौचालयाचे दार तर बहुधा सगळ्यांत अरुंद असते. ते वापरता येत नसेल तर माणूस घरून पाणी न पिता येतो, आणि त्याच्या मूत्रपिंडांच्या दृष्टीने ते वाईट.

आता यंत्रे पाहू. बऱ्याच यंत्रांना बैठक पक्की जोडलेली असते. खुर्चीतून तिच्यावर सरकणे म्हणजे व्यायामाआधीच एक व्यायाम. बैठक काढता येत असेल तर खुर्ची थेट आत नेता येते. पण एकच यंत्र घ्यायचे असेल तर मी उभ्या खांबावर खालीवर सरकणारी कप्पी आणि तिच्या दोरीला टांगलेली वजने, असे यंत्र घ्यायला सांगेन. स्थिर कप्पी बलाची दिशा बदलते, परिमाण नाही, हे आपण शिकवतोच. वजन सरळ वर जाते, पण माणूस आडवे, तिरपे, वरून किंवा खालून कसेही ओढू शकतो. खुर्ची कोठेही उभी राहो, कप्पी तिच्या सोयीने हलवता येते.

न्यूटनचा तिसरा नियम मात्र येथे आडवा येतो. खुर्चीतील व्यक्ती कप्पीची दोरी २० किलोग्रॅम वजनाच्या बलाने छातीकडे ओढते, तेव्हा दोरीही तिला तेवढ्याच बलाने पुढे खेचते. उभा माणूस हे बल पाय रोवून सोसतो. छातीखालचे स्नायू काम देत नसलेल्या माणसाचे धडच पुढे कलंडते. ब्रेक लावून खुर्ची थांबते, धड थांबत नाही. त्यासाठी छातीभोवती रुंद पट्टा घेऊन तो पाठीमागे बांधावा.

उलट, पुढे ढकलण्याच्या व्यायामात पाठ टेकलेली असते, पण खुर्चीच मागे उलटू शकते. जमिनीपासून १ मीटर उंचीवर २० किलोग्रॅम वजनाएवढे बल मागे ढकलत असेल, तर मागच्या चाकाच्या टेकूभोवती उलटवणारे आघूर्ण २० × १ = २०. गुरुत्वमध्य त्या टेकूच्या २० सेंटिमीटर पुढे धरला, तर खुर्ची जमिनीवर ठेवणारे आघूर्ण ८० × ०.२ = १६. खुर्ची उलटणार. मागची बाजू भिंतीला किंवा खांबाला नीट टेकवली की प्रश्न सुटतो. हे गणित ज्याला येते तो प्रशिक्षक असा अपघात होऊ देणार नाही. दंडांवर मोठाली गोंदणे असलेल्या प्रशिक्षकालाही ते समजावून सांगितले तर समजते.

कोणते व्यायाम, याबाबतीत एकच सांगतो. चाक ढकलताना दिवसभर खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू राबतात, म्हणून व्यायामात ओढण्याचे प्रकार जास्त हवेत. खांदा दुखावला तर या माणसाचे हातही गेले आणि पायही. मानेच्या मणक्याजवळ इजा झालेल्यांची बोटे मिटत नाहीत. त्यांच्यासाठी मनगटाला चामडी पट्टा आणि त्याला आकडी, हे बाजारपेठेतला चांभारही करून देईल. यंत्रातील वजने बहुधा पाच-पाच किलोग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतात आणि दुर्बल स्नायूला हा टप्पा फार मोठा. तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी उपयोगी पडते. जेवढे ताणावे तेवढे बल वाढत जाते. हूकच्या नियमापासून रबर थोडे हटते, पण आपल्या कामाला चालते.

नाडी आणि घाम

जिमच्या भिंतीवर ‘२२० वजा वय’ हे नाडीच्या कमाल ठोक्यांचे सूत्र लावलेले असते. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या अनुकंपी चेता मज्जारज्जूच्या छातीतल्या वरच्या भागातून निघतात. मानेत मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल तर मेंदूचा निरोप तेथवर पोहोचत नाही, आणि कितीही दमले तरी नाडी बहुधा ११० ते १३०च्या पुढे जात नाही. तीस वर्षांच्या तरुणाला ‘तुझी नाडी १९०पर्यंत जायला हवी’ म्हणून पिटाळणे घातक ठरेल. सोपी कसोटी अशी : व्यायाम चालू असताना बोलता यावे, गाता येऊ नये.

याच चेता घामाच्या ग्रंथींना हुकूम देतात. इजेच्या पातळीखाली घाम येत नाही. एक ग्रॅम घाम वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ती सोयच अर्ध्या शरीराला नाही. रत्नागिरीच्या दमट हवेत उरलेला घामही लवकर सुकत नाही. मे महिन्याच्या दुपारी बंद जिममध्ये अशा व्यक्तीचे शरीर तापत जाते आणि बाहेरून फारसे काही दिसत नाही. पंखा, ओला पंचा, अंगावर पाण्याचा फवारा आणि व्यायामाला सकाळची वेळ एवढ्यावर भागते, फक्त ते आठवणीने करायला हवे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या व्यक्तीचे डोके एकाएकी ठणकू लागले आणि चेहरा लाल झाला, तर रक्तदाब भडकलेला असू शकतो. भरलेले मूत्राशय किंवा आवळलेला पट्टा एवढेही कारण पुरते. तिला आडवे न करता ताठ बसवावे, पट्टे सैल करावेत, मूत्राची नळी असल्यास ती मुडपली नाही ना ते पाहावे, आणि डॉक्टरांना बोलवावे.

पोलिओची गोष्ट वेगळी. भारतातील नैसर्गिक पोलिओची शेवटची नोंद जानेवारी २०११ची. पण लहानपणी पोलिओ झालेले लाखो लोक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्या वाचलेल्या चेतापेशींनी शेजारच्या मेलेल्या पेशींचे स्नायुतंतूही दत्तक घेतलेले असतात. एकेक पेशी अनेक वर्षे दुप्पट-तिप्पट काम करत आलेली. ‘अजून दहा, अजून दहा’ हा खाक्या येथे नुकसान करतो. दुसऱ्या दिवशी स्नायू अधिक दुर्बल वाटला, तर आदल्या दिवशीचा व्यायाम जास्त झाला असे समजावे.

अंध व्यक्तींना ना उतरणीची गरज ना रुंद दाराची. त्यांना वस्तू रोज त्याच जागी असाव्या लागतात. वाटेत टाकलेले एक डंबेल त्यांना पाडते. त्यांच्यासाठी व्यायामाचे उत्तम साधन आपल्याकडे आधीपासूनच आहे, ते म्हणजे मल्लखांब. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात दृष्टिहीन मुलींना मल्लखांब शिकवला गेला आणि त्यांनी जाहीर प्रात्यक्षिके केली. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पाहणाऱ्याला नवल वाटते, पण विचार केला तर कारण कळते. खांब जागा सोडत नाही, आणि शरीराचा कोणता ना कोणता भाग सतत खांबाला टेकलेला असतो. हात-पाय कोठे आहेत हे स्नायू आणि सांध्यांतील ग्राहकांकडून मेंदूला कळत असते, त्याला डोळे लागत नाहीत. चेंडूच्या मागे धावण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातील कलम ४६ सेवा पुरवणाऱ्या खासगी संस्थांनाही लागू आहे. नियम जून २०१७मध्ये निघाले आणि दोन वर्षांची मुदत २०१९मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके नुसती शिफारसवजा ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि सक्तीचे नियम करायला सांगितले. तरीही जिमचालकाला विचारले तर तो म्हणतो, ‘असे कोणी आमच्याकडे येतच नाही.’ पूल नसलेल्या खाडीपलीकडून गाडी येत नाही, म्हणून पुलाची गरज नाही, असे म्हणण्यासारखेच हे आहे.

किनाऱ्यांवर आणि उद्यानांत बसवलेल्या खुल्या व्यायामशाळांचाही विचार करायला हवा. त्या फुकट आहेत, पण तेथील बहुतेक साधने पायांवर उभे राहूनच वापरायची, आणि चाक वाळूत रुतते. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे सांधे गंजतात ते वेगळेच. उन्हात तापलेली लोखंडी बैठक संवेदना नसलेल्या कातडीला भाजते, आणि माणसाला ते घरी गेल्यावर कळते.

नववी-दहावीच्या मुलांना हा पाहणीचा प्रकल्प देता येईल. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी, मोजपट्टी, खडू आणि दोरी घेऊन त्यांनी आपली शाळा, वाचनालय आणि जवळची एखादी व्यायामशाळा मोजावी : उतरणीची लांबी आणि उंची, दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची, वळायची जागा, शौचालय. शक्य झाले तर चाकाची खुर्ची रोज वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला सोबत घ्यावे. मोजपट्टीला न दिसणाऱ्या गोष्टी ती दाखवील. मापे जुलैमध्ये घ्यावीत. मे महिन्यात चढता येणारी उतरण पावसात तशी राहत नाही.